कडप्पा बसायच्या आधी

"आई, सरळ उभी राहा. आणि श्वास रोखू नकोस, फोटो काढत नाहीये आपण."

"न्हाई रोखला गं. घे तुझं माप बिगीबिगी. ऊन झालं."

आई नव्या घराच्या स्वयंपाकघरात उभी होती. स्वयंपाकघर म्हणजे तेव्हा नुसत्या विटांच्या भिंती, डोक्यावर स्लॅब, पायाखाली मुरूम आणि खिडकीच्या जागी एक चौकोनी भोक. मी तिचा उजवा हात कोपरात वाकवला, टेपचं एक टोक कोपराशी धरलं आणि दुसरं यल्लाप्पा मिस्त्रींच्या हातात दिलं. ते उकिडवे बसले खरे, पण वैनींच्या पायाशी बघायचं कसं म्हणून त्यांनी मान पार खिडकीकडे वळवली होती.

मी आकडा वाचला आणि चक्रावले. आईची उंची मला तोंडपाठ होती, त्या मानानं कोपर फारच वर आलं होतं. मी पुन्हा मोजलं. तेवढ्यात आई डुलली आणि तिनं पटकन माझा खांदा धरला. मला शंका आली. मी खाली वाकून तिच्या लुगड्याचा काठ दोन बोटं वर उचलला, तर टाचा हवेत.

"आई! टाचा खाली टेक."

"टेकल्यात की."

"मला दिसतंय. चवड्यांवर उभी आहेस तू."

मिस्त्री खिडकीच्या भोकातून बाहेर बघत खाकरले. आईनं टाचा टेकल्या, पण चेहरा असा केला की जणू मीच काहीतरी लबाडी केली होती. मी खरं माप घेतलं, कोपराच्या खाली चार बोटं सोडली आणि भिंतीवर कोळशानं ठसठशीत रेघ ओढली.

"कडप्पा बसल्यावर ओट्याचा वरचा भाग बरोबर इथे आला पाहिजे," मी मिस्त्रींना सांगितलं.

"ताई, ही तर बसायच्या कट्ट्याची उंची झाली. एवढी वर्सं ओटं बांधतोय मी. सगळीकडं एकच माप असतंय."

"सगळीकडे आई नाही ना उभी राहणार. इथे राहणार आहे."

या गोष्टीला आता पंचवीसेक वर्षं झाली. मी तेव्हा नुकतीच सिव्हिलचा डिप्लोमा करून पुण्यात एका इंजिनिअरच्या ऑफिसात नकाशे काढायला लागले होते. तात्या, म्हणजे माझे वडील, कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झाले होते आणि नातेपुत्यात एका छोट्या प्लॉटवर आमचं पहिलं स्वतःचं घर उभं राहत होतं. नकाशा मी काढला होता. हॉल केवढा, देवघर कुठे, हे सगळं तात्यांनी ठरवलं. ओटा तेवढा माझा होता. त्याला कुणी हात लावायचा नाही, असं मी घरात जाहीर केलं होतं.

त्याला कारण होतं. आई उंचीनं फारच कमी आणि तात्या ताडमाड. लग्नात अंतरपाट धरला तेव्हा तात्यांना अख्खा मांडव दिसत होता आणि आईला नुसता अंतरपाट, असं आत्या अजून हसून सांगते. तात्यांची बदली होईल तसं आम्ही एका सरकारी क्वार्टरमधून दुसऱ्यात गेलो, आणि सगळ्या क्वार्टरांतला ओटा आईच्या छातीला यायचा. ती पाटावर उभी राहून स्वयंपाक करायची. बदलीच्या ट्रकमध्ये सगळ्यात आधी तो पाट चढायचा. मी शाळेत असताना एकदा पाट सरकला आणि उकळत्या आमटीचं पातेलं तिच्या हातावर आलं. मनगटापासून कोपरापर्यंतचा तो डाग मग कधी गेलाच नाही. डिप्लोमाला आम्हाला खुर्ची किती उंच असावी, पायरी किती खोल असावी, ओटा कोपरापासून किती खाली असावा हे शिकवलं, तेव्हा वर्गातल्या मुलांनी ते परीक्षेपुरतं लिहून घेतलं. मला मात्र आईचा तो हात दिसत होता. काम करणाऱ्या माणसानं ओट्याच्या मापाचं व्हायचं नसतं, ओट्यानं माणसाच्या मापाचं व्हायचं असतं, हे मला इतकं पटलं होतं की ऑफिसात मी भेटेल त्याला ते ऐकवायची. लोक माझ्या टेबलाजवळून जरा घाईनंच जायचे.

तर रेघ ओढून मी पुण्याला गेले आणि पुढच्या शनिवारी एस.टी.नं परत आले ती पिशवी खांद्यावर घेऊन थेट बांधकामावरच. आत पाऊल टाकलं आणि तिथेच थांबले.

ओट्याच्या विटांचे खांब उभे राहिले होते. माझी कोळशाची रेघ खाली होती आणि विटा तिच्यावर चांगल्या वीतभर चढल्या होत्या. साधा ओटा असतो त्याच्याहीपेक्षा वर.

"मिस्त्री, हे काय आहे?"

यल्लाप्पा मिस्त्रींनी थापी घमेल्यात ठेवली. या प्रश्नाची ते सकाळपासून वाट बघत असावेत.

"वैनींनी सांगितलं."

"काय सांगितलं?"

"अजून तीन थर चढवा म्हनल्या."

"आणि तुम्ही चढवले?"

"मी म्हनलं की, वैनी, तुमचा हात पोचायचा न्हाई. तर म्हनल्या, हाताचं मी बघते, तुम्ही इटा लावा. घर त्येंचं हाय ताई. मी काय बोलनार?" मग ते जरा जवळ आले. "काय करायचं ते तुम्ही मायलेकी आजच ठरवा. उद्या दुपारी कडप्पा येतोय. एकदा का तो बसला, की मग मी हातोडा लावायचा न्हाई. फरशीला चीर जाती."

घर बांधून होईपर्यंत आई-तात्या तिथून जवळच दोन खोल्यांत भाड्यानं राहत होते. मी तणतणत तिकडे गेले. आई दारात गवार मोडत होती. तात्या आतल्या भिंतीशी खुर्ची टाकून पेपर वाचत होते.

"आई, ओटा कुणी वाढवायला सांगितला?"

"आलीस? पानी पी आधी."

"कुणी सांगितला?"

"मीच. खाली पाण्याचं पिंप बसाया पायजे न्हवं."

"पिंप बाहेर ठेव."

"दादाची पोरं येत्यात सुट्टीला. गॅसला हात लावतील."

"पोरं काय कायमची तेवढीच राहणार आहेत?"

"मला सवय हाय गं उंच ओट्याची."

"आई, क्वार्टरमधल्यापेक्षाही उंच आहे तो! पाट नाही, शिडी लागेल तुला."

आई गवारीच्या शेंगेकडे बघत राहिली. मला एकदम वाटलं, कळलं मला. दादाची बायको उंच होती, चांगली तात्यांच्या कानापर्यंत येणारी.

"वहिनीसाठी करतेस ना तू हे? अगं, ती नाशिकला असते. वर्षातून दोनदा येते."

"हां, तसंच समज," आई लगेच म्हणाली. फारच लगेच म्हणाली.

आत पेपर जरासा हलला. तात्या म्हणाले, "हेमा, उद्या बघू की. आत्ताच आलीयस."

एरवी घराच्या बाबतीत खिळा कुठे ठोकायचा इथपर्यंत मत असणारे तात्या एवढंच बोलून परत पेपरात गेले. मी बघितलं, ते मघापासून एकाच पानावर होते. पण तेव्हा माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. मी आईसमोर जमिनीवर बसले आणि तिचा डागाचा हात हातात घेतला.

"हे बघून मी हे सगळं शिकले, आई. एवढं एकच मला तुझ्यासाठी करायचं होतं. साधा एक ओटा. तू आयुष्यभर चढून उभी राहिलीस, आता एकदा तरी नीट जमिनीवर उभी राहून स्वयंपाक कर ना."

मला रडू आलं. रागानं आलं की मायेनं, ते मलाही नीट कळलं नाही. आईनं गवार बाजूला सारली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला.

"मला ठाव हाय गं, बाई. तू काय मला परकी हायस? पर ओटा राहू दे तेवढा."

"नाही राहू देणार. उद्या सकाळी ते तीन थर मी उतरवणार. मिस्त्रींनी नाही ऐकलं तर स्वतः हातोडा घेणार."

ती आमटीला फोडणी द्यायला उठली आणि जाताजाता तिनं तात्यांकडे एकदा बघितलं. तात्यांनी पेपर डोळ्यांपुढे घेतला.

दुसऱ्या दिवशी मी सकाळीच निघाले. मिस्त्री कामावर यायच्या आधी जाऊन उभं राहायचं, असा बेत होता. अर्ध्या रस्त्यात लक्षात आलं की टेप घरीच राहिला. परत फिरले.

दार पुढे लोटलेलं होतं. सकाळच्या वेळी आईचं दार कधी लोटलेलं नसतं, म्हणून जरा नवल वाटलं. आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. तो आवाज मी जन्मल्यापासून ऐकत होते, पण आजचा वेगळा होता. सावकाश, जड, मधेच थांबून परत सुरू होणारा. मी दार ढकललं.

तात्या ओट्यापाशी उभे होते. अंगात बनियन, खांद्यावर टॉवेल. ओटा त्यांना इतका खाली पडत होता की त्यांनी दोन्ही पाय लांब लांब फाकवले होते आणि कमरेत वाकून परातीत ज्वारीची भाकरी थापत होते. आई मधल्या दाराच्या उंबऱ्यावर बसली होती.

"अंगठ्यानं दाबू नगा. फिरवा. फिरवा, आपसूक मोठी हुती."

"फिरवतोय की."

"काठाला जाड ऱ्हातीय. हां, आता उचला. न्हाई, दोन्ही हातांनी!"

तात्यांनी भाकरी दोन्ही हातांवर उचलली आणि तव्याकडे वळताना त्यांना मी दिसले. ते तसेच थांबले. भाकरी त्यांच्या हातावर हळूहळू लोंबायला लागली.

"तुझ्या आईचा हात दुखत होता म्हणून—" ते म्हणाले.

"माझा हात चांगला हाय," आई म्हणाली. "तव्यात टाका आधी ती."

त्यांनी ती टाकली, वरून पाणी फिरवलं आणि मग सरळ व्हायला गेले. ते काही केल्या जमेना. एक हात कमरेवर, एक भिंतीवर, असे ते अर्धेच उभे राहिले आणि डोळे मिटून घेतले. आई उंबऱ्यावरून उठली, त्यांच्या मागे गेली आणि दोन्ही अंगठ्यांनी त्यांची कंबर दाबत राहिली. तिचं डोकं जेमतेम त्यांच्या पाठीच्या मध्यापर्यंत पोचत होतं. माझ्यादेखत तिनं त्यांना असा हात लावलेला मी पहिल्यांदाच पाहिला. मला तिथून जावंसं वाटलं आणि जाववेनाही.

"आता सांगा तिला," आई त्यांच्या पाठीमागूनच म्हणाली. "का मी सांगू? शपथ घालून बसलाय मला, पोरांना कळू द्यायचं न्हाई म्हनून. आता तर कळलंच की."

तात्यांनी भाकरी उलटली. मग आईनंच सांगितलं.

निवृत्त झाल्यावर तात्या रोज सकाळी उठून कालव्यावर जायचे. सवयच ती. कुठल्या चारीला पाणी सुटलं, कुठे फुटलं, ते बघत हिंडायचे. नव्या निरीक्षकाला ते आवडेना. त्यानं एकदा चारचौघांत विचारलं, तुम्ही इथे कोण? त्या दिवसापासून तात्या घरी बसले. खुर्ची भिंतीकडे करून बसायचे. आई समोर चहा ठेवायची, तो गार व्हायचा.

"म्हयनाभर धड बोलले न्हाईत माझ्याशी," आई म्हणाली. "बोलावं काय, हेच त्यांना सुचंना. मग मला ताप आला. अंथरूण धरलं मी. तवा ह्यांनी पिठलं केलं. मीठ इसरले हुते त्यात, पर घोटताना कायतरी गुणगुणत हुते. मला पडल्या पडल्या ऐकू यीत हुतं. मी मनात म्हनलं, आता मी काय लवकर बरी हुत न्हाई."

"म्हणजे तू आजाराचं सोंग केलंस?"

"चार दिस जास्तीचे."

तात्यांनी मान वळवली. "हे मला नव्हतं माहीत."

"तुम्हांला काय काय म्हाईत हाय?" आई म्हणाली आणि पदरानं चेहरा पुसता पुसता हसली.

तेव्हापासून रोज सकाळी दार लोटून हे चाललं होतं. आमटी जमायला लागली होती, वांगं जमायला लागलं होतं, भाकरी अजून हट्ट करत होती. तात्या आता रात्रीच विचारून ठेवायचे, उद्या काय करायचं. पण वाकून वाकून त्यांची कंबर धरायची, आणि स्वयंपाक झाला की तासभर आडवं व्हावं लागायचं.

"दार कशाला लोटता पण?" मी विचारलं.

"अर्धं गाव मला साहेब म्हणतं, हेमा," तात्या तव्याकडे बघत म्हणाले. "साहेब भाकऱ्या बडवतात म्हणून हसतील. हसू देत एक वेळ. पण तुझ्या आईला बोल लावतील, नवऱ्याला चुलीपुढं बसवलं म्हणून."

मी ओट्याला टेकले. त्या घरमालकाचा ओटाही आईला उंच होता आणि तात्यांना ठेंगणा. दोघांपैकी कुणालाच तो धड होत नव्हता.

"पण आई, मग माप घेताना सरळ सांगायचंस ना. चवड्यांवर कसली उभी राहतेस?"

"शपथ हुती न्हवं. मला वाटलं, उंच झाली तर ओटा आपसूक उंच हुईल." तिनं हातातली राख झटकावी तसे हात झटकले. "हे बघ हेमा. माझ्या मापाचा ओटा तू केलास, तर तिथं मीच उभी ऱ्हानार. हे दोन दिस वाकतील, चार दिस वाकतील, मग परत भिंतीकडं तोंड. ते मला बघवत न्हाई गं. आनि खरं सांगू का?"

ती थांबली. तात्याही थांबले.

"मलाबी आता उभं ऱ्हायचं न्हाई. चुलीपुढं बसून झालं, पाटावर चढून झालं. तू एवढ्या मायेनं माझं माप घ्याया लागलीस, तवा मला भीतीच वाटाया लागली. म्हनलं, आता ही मला मरस्तोवर ओट्याला बांधनार."

मला एकदम हसू आलं. एवढी पुस्तकं वाचून, टेप घेऊन, रेघा ओढून मी जे काही तिच्यासाठी करायला निघाले होते, ते तिला नकोच होतं.

"मग मी तुझ्यासाठी करू तरी काय?" मी विचारलं. माझा आवाज लहान मुलीसारखा निघाला असावा, कारण आईनं मला जवळ ओढलं.

"तुला माझं मापच घ्यायचं हाय ना? मग बसल्यावर घे. आजपातुर कुठल्या खुर्चीत माझं पाय जमिनीला टेकल्यालं बघितलंस का तू?"

मी आठवायला लागले. एस.टी.चं बाकडं. दवाखान्यातली खुर्ची. दादाच्या लग्नातला सोफा. तात्यांच्या निरोपसमारंभाला स्टेजवर बसवलं होतं ते. सगळीकडे आई एकतर मांडी घालून बसलेली, नाहीतर तिचे पाय लोंबकळत असलेले. तिला मांडी घालूनच बसायला आवडतं, असं आम्ही घरात सगळे समजत आलो होतो.

"भाकरी करपली," तात्या म्हणाले.

मग आम्ही तिघं मिळून बांधकामावर गेलो. यल्लाप्पा मिस्त्री हातोडा जवळ घेऊनच बसले होते. मी टेप काढला.

"तात्या, सरळ उभे राहा. हात कोपरात वाकवा."

"साहेबांचं माप?" मिस्त्री म्हणाले. "साहेबांचं कशापायी?"

मी आईकडे बघितलं. आईनं तोंडाला पदर लावला आणि खिडकीच्या भोकाबाहेर बघायला लागली. हे ती सांगणार नव्हती, आणि मीही सांगायला नको, हे मला तिच्या पाठीवरूनच कळलं. तात्यांचे कान लाल झाले होते. कालव्यावर दोनदोनशे शेतकऱ्यांसमोर आवाज चढवून बोललेला माणूस, पण त्यांना तोंड उघडायला वेळ लागला.

"स्वयंपाक मी करतो, यल्लाप्पा," ते शेवटी म्हणाले.

मिस्त्रींच्या हातात टेपचं टोक तसंच राहिलं. त्यांनी तात्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं.

"भाकरी बी?"

"भाकरी बी."

"फुगती का?"

"चारातली एखादी."

"मग बरं हाय की," मिस्त्री म्हणाले. "माझी तर तव्यालाच चिकटती. बायको म्हायेरी गेली की मी पाववरच दिस काढतो." आणि ते उकिडवे बसून, या खेपेला मान न वळवता, माप धरायला लागले.

आईचा अंदाज थोडा कमीच पडला होता. तीन थर उतरवायचं सोडाच, वर आणखी अर्धी वीट चढवावी लागली. दुपारी टेम्पोतून कडप्पा आला. तो चौघांनी उचलून बसवला, तात्यांनी स्वतः पाणसळ लावून सपाटी बघितली आणि ओट्यावरून दोनदा हात फिरवला. आई खाली विटेवर बसून सगळं बघत होती.

चौकटी करून उरलेलं सागवान होतं, त्याची मी सुताराकडून खुर्ची करून घेतली. आईला एका खोक्यावर बसवून गुडघ्यामागून जमिनीपर्यंत मोजलं, पाठ मोजली, हात कुठे विसावतो ते बघितलं. सुतारानं खुर्ची आणून ठेवली तेव्हा जो येईल तो विचारायचा, नातवाला केली का? आई सांगायची, न्हाई, माझी हाय.

वास्तुशांत झाली, पाहुणे गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मला पुण्याला निघायचं होतं. मी आंघोळ करून स्वयंपाकघरात आले तेव्हा खिडकीतून ऊन आत आलं होतं आणि दार सताड उघडं होतं. तात्या ओट्यापाशी ताठ उभे राहून भाकरी थापत होते, पाय जवळजवळ, पाठ सरळ. शेजारच्या काकू विरजण मागायला आल्या, त्यांनी बघितलं, विरजण घेतलं आणि लगबगीनं गेल्या. दुपारपर्यंत गल्लीत कळणार हे तात्यांनाही ठाऊक होतं. ते थापत राहिले.

आई खिडकीशी तिच्या खुर्चीत बसली होती. दोन्ही पाय पूर्ण फरशीवर. मी आले ते तिच्या लक्षातही आलं नाही. ती पायांची बोटं फरशीवर हळूहळू पुढेमागे करत होती.

तव्यावरची भाकरी फुगली. तात्यांनी ती तशीच ताटलीत घेतली, कडेला ठेचा, ठेच्यावर तेलाची धार, आणि ताटली आईच्या मांडीवर आणून ठेवली.

"आधी हेमाला द्या. तिला गाडी गाठायचीय," आई म्हणाली.

"हेमाला दुसरी. खा तू."

आई ताटलीकडे बघत राहिली. मग तिनं भाकरीचा पापुद्रा बोटानं फोडला. आतून वाफ वर आली. तिनं मोठा तुकडा मोडला, ठेच्याला लावला, तोंडात घातला आणि एकदम तोंडावर हात धरला. जीभ पोळली होती.

मला तेव्हा कळलं. आमच्या घरात रोज ढीगभर भाकऱ्या व्हायच्या. आम्ही तव्यावरच्या गरम गरम खायचो, तात्या खायचे, आलेगेले खायचे. ती शेवटी बसायची, उरलेली गार भाकरी घेऊन. तात्या थापायला लागल्यावरही त्यांची कंबर दाबून होईपर्यंत तिची भाकरी गारच व्हायची. तिला गरम भाकरी कशी खातात तेच ठाऊक नव्हतं.

"फुंकून खा," मी म्हटलं.

तिनं फुंकर घातली आणि खाल्ली. सावकाश, खिडकीबाहेर बघत, पूर्ण भाकरी. तात्या उलथनं हातात घेऊन तिच्याकडे बघत उभे होते. तव्यावर दुसरी भाकरी होती, तिचं त्यांना भान नव्हतं.

"कशी झालीय?" त्यांनी शेवटी विचारलं.

आईनं बोटं चाटली, ताटली त्यांच्यापुढे धरली आणि म्हणाली, "काठाला जाड ऱ्हायलीय. अजून एक टाका."